मामाचा आवाज

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मी नोकरीतून, घरातून आणि माणसांतून उठवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुठेतरी माफी येईल या आशेवर कोणी बसून राहायला नको. त्याला आम्ही दाजी म्हणतो. अजूनही तोंडात तोच शब्द येतो. सवय आहे, मान नाही.

आमच्या यार्डात तरंगत्या पवनचक्क्या उभ्या राहतात. जिथे समुद्राच्या तळाला खांब रोवता येत नाही इतक्या खोल पाण्यात त्या न्यायच्या असतात, म्हणून त्यांना पाया नसतो, तराफा असतो. तीन अवाढव्य पोलादी पिंपं, एकेक चार मजली घराएवढं, त्रिकोणात जोडलेली. हा तराफा धक्क्याला बांधायचा, क्रेनने त्याच्यावर टॉवरचे तुकडे एकावर एक चढवायचे, वर पाती लावायची आणि सगळं उभंच्या उभं टगबोटींनी ओढत समुद्रात न्यायचं. तिथे साखळ्यांनी तळाशी जखडलं की झालं. लांबून बघणाऱ्याला फार छान दिसतं. यार्डाच्या कॅलेंडरवर फोटो असतो, मागे सूर्य वगैरे.

तरंगणाऱ्या वस्तूवर वजन ठेवलं की ती कलते. म्हणून त्या पिंपांत समुद्राचं पाणी भरलेलं असतं. वजन इकडे आलं की पाणी तिकडे खेळवायचं, असं करत तराफा सरळ ठेवायचा. हे काम एकाच माणसाचं. त्याच्या केबिनीत पंपांची बटणं, झडपांची चाकं आणि कल दाखवणारा काटा. आमच्याकडे त्याला पाणीवाला म्हणतात. माझा दादा पाणीवाला होता. आता मी आहे.

नियम एकच, पण कडक. तुकडा जमिनीवरून उचलण्याआधी आणि तराफ्यावर टेकवण्याआधी, दोन्ही वेळा पाणीवाल्याने वॉकीटॉकीवर ‘लेव्हल’ म्हणायचं. तो म्हणेपर्यंत हूक हलत नाही. मालक येऊन उभा राहिला तरी नाही. आमचे संच जुने, कोण बोलतंय ते त्यावर दिसत नाही. आवाज हीच ओळख. एवढी माणसं एकमेकांच्या आवाजावर जीव सोपवून काम करतात. यात काही धोका असेल हे कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

एका माणसाच्या आलं होतं.

क्रेनचं सगळं काम दाजीच्या हाताखाली. वरच्या काचेच्या केबिनीत तो एकटा बसायचा आणि हूक कधी, कुठे, किती ते सांगायचा. आणि घरात दाजी म्हणजे करमणूक. नकला! शेजारचे, सासूबाई, बस-स्टँडवर गाड्या पुकारणारी बाई, दातांचा डॉक्टर. त्याचे स्वतःचे वडील वारले त्या आठवड्यात भेटायला आलेल्यांना त्याने वडिलांच्या आवाजात “चहा घेणार का?” असं विचारलं होतं. दोन बायका किंचाळल्या, मग सगळे हसले. दाजी कुठेही असला की लोक हसायचे. हसणारी माणसं फारसं काही विचारत नाहीत, हे त्याला आमच्यापेक्षा आधी कळलं होतं.

त्या दिवशी टॉवरचा तुकडा हूकवर लटकत होता. वारा चढत होता. ठरलेल्या वेगापलीकडे गेला की काम बंद, टगबोटी परत आणि वरून दाजीला बोलणी. दादा एका पिंपातलं पाणी दुसऱ्यात काढत होता आणि काटा शून्याकडे येत होता. इथेच गोम आहे. पाणी पळत असताना काटा शून्यावर येतो तो थांबायला नाही, पलीकडे जायला. झोका मध्यावरून जातो तसा. पंप बंद करायचा, पाणी निवू द्यायचं, मग जे शून्य दिसेल ते खरं. दादा त्याची वाट बघत होता. तसाच काटा दाजीच्या केबिनीतही आहे.

संचावर आवाज आला. आधी ते दोनदा खाकरणं, दादाचं नेहमीचं. मग, “लेव्हल.”

क्रेनवर बगळा होता. एवढ्या उंचावर मान पुढे काढून बसतो म्हणून बगळा. त्याने तुकडा खाली सोडला; पंपांच्या घरघरीत दादाला संचावरचं काही ऐकूच गेलं नव्हतं. तराफा पलीकडे कलला, तुकडा घसरला आणि बोल्टांपाशी उभा असलेला पैलवान त्याच्या आणि कठड्याच्या मध्ये सापडला. पैलवान आमचा रिगर. तुकड्याला दोर बांधणं, हाताने वळवून जागेवर आणणं हे त्याचं काम. बगळ्याचा जिगरी दोस्त. सकाळीच त्याने आम्हा सगळ्यांना नवा बसवलेला दात दाखवला होता, फुकट बघून घ्या म्हणून.

चौकशीत रेकॉर्डिंग वाजवलं. संचावरचं सगळं बोलणं आपोआप साठवलं जातं. दादाने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, “आवाज माझाच आहे. पण मी बोललो नाही.”

चौकशीवाल्यांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं.

दादाला काढलं. तो पैलवानाच्या बायकोला भेटायला गेला, तिने तोंडावर दार लावलं. त्यानंतर तो बोलेनासा झाला. दुकानात गेला की बोटाने दाखवायचा. चुकून काही बोललाच तर वहिनीकडे वळून विचारायचा, “मी आत्ता काय म्हणालो?” आपल्या तोंडातून आपल्याला न कळता शब्द पडतात आणि त्याने माणसं मरतात, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. वहिनी एकदा भांडी घासता घासता मला म्हणाली, “झोपताना तोंडावर हात ठेवतो गं हा. मी काढला तर दचकून उठतो.”

आणि दादाच्या जागेवर माझी शिफारस कोणी केली? दाजीने. मी तेव्हा पंपांची वायरमन होते, मला ते काम येत होतं. “घरातलाच माणूस बसू दे, डाग पुसला जाईल,” असं तो यार्डाच्या प्रमुख मॅडमना म्हणाला. काय मोठं मन! ताईचे डोळे भरून आले. एका भावाला गाडून त्याच खड्ड्यावर बहिणीला खुर्ची टाकून दिली आणि आम्ही त्याला थँक्यू म्हटलं.

मला कळलं ते भाचीच्या वाढदिवसाला.

ताईचं घर माणसांनी भरलेलं. दाजी रंगात. त्याने मॅडमचा आवाज काढला, त्यांच्या प्रत्येक वाक्याआधीच्या “बघा, मुद्दा असा की”सकट. मग बगळ्याचा, नाकातला. मग माझा: “दाजी, फुकटचे सल्ले देऊ नका हं!” इतका हुबेहूब की आतल्या खोलीतून आई ओरडली, “अगं, दाजींशी नीट बोल जरा!” सगळे हसून हसून आडवे. मीही हसले.

मग भाची टाळ्या पिटत म्हणाली, “बाबा, मामाचा आवाज काढा ना!”

“मामाचा नाही येत मला.”

“असं काय हो! सगळ्यात भारी तर मामाचाच काढायचे तुम्ही. ते खं, खं करून...”

“नाही म्हटलं ना!”

केक कापायची सुरी त्याच्या हातून ताटात पडली. मग त्याने चेहऱ्यावर हसू ओढून आणलं. “मामा आजारी आहे ना बेटा. आजारी माणसाची नक्कल करू नये.”

वडिलांची चिता विझायच्या आत त्यांच्या आवाजात चहा विचारणारा माणूस हे बोलत होता.

दादा कोपऱ्यात बसला होता, तोंडावर रुमाल धरून. दाजीने त्याच्याकडे बघितलंच नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी बघतेय का, ते बघायला.

मी केक खाल्ला. ताईला म्हटलं, छान झालाय.

दुसऱ्या दिवशी क्रेनच्या जिन्यात बगळ्याला गाठलं. आधी तो मला बाजूला सारून वर निघाला होता. पैलवान गेल्यापासून आमच्या घरच्या कोणाशी तो बोलत नसे.

“तुला वेड लागलंय,” सगळं ऐकून तो म्हणाला.

“असेल.”

“भावासाठी बहीण काहीही बोलेल.”

“मग मला खोटी पाड. तुला काही करायचंसुद्धा नाही. काही न करणं एवढंच करायचंय.”

“पुरावा काय?”

“तो एक आवाज काढायला घाबरला.”

“हा पुरावा?”

“नाही. पुरावा तो स्वतः देणार.”

बगळ्याने हातमोजे काढून खिशात कोंबले. मग म्हणाला, “खाली सोडणारा हात माझा होता. समजलं ना? जर तुझ्या भावाने नसेल म्हटलं, तर मला कोणीतरी माझ्याच हाताने पैलवानाला...”

“समजलं. म्हणून तर तुझ्याकडे आले.”

ठरलं असं. माझ्या केबिनीच्या दारावर लाल फडकं लटकताना दिसलं की संचावर कोणीही काहीही म्हणो, बगळ्याने हूक हलवायचा नाही. आणि हे करायचं ते तुकडा जमिनीवर असतानाच, उचलण्याआधी. माझ्या सूडाखाली दुसरा पैलवान चिरडला गेला असता तर माझ्यात आणि दाजीत फरक काय राहिला असता?

पहिल्यांदा मी गप्प बसले तेव्हा दाजी नुसता हाका मारत राहिला. दुसऱ्यांदा त्याने शिव्या घातल्या. मी संच बिघडल्याचं सांगितलं. “संच बिघडला की डोकं, मेहुणीबाई?” तो सगळ्यांसमोर म्हणाला, आणि सगळे हसले. हसणारच.

“नाही फसत तो,” बगळा म्हणाला. “आता पुरे.”

“त्याला घाई नव्हती,” मी म्हटलं. “घाई होऊ दे.”

घाई पाहुण्यांबरोबर आली. प्रकल्पात पैसा घालणारी मंडळी शेवटचा तुकडा चढताना बघायला येणार होती. कोऱ्या करकरीत हेल्मेटांखाली ती धक्क्यावर उभी राहिली, मॅडम त्यांच्या मध्ये. टगबोटी बाहेर इंजिनं चालू ठेवून थांबलेल्या. वारा हळूहळू चढत होता. थोड्याच वेळात तो रेषा ओलांडणार आणि पाहुण्यांना हात हलवत परत जावं लागणार, हे दाजीला वर काचेत बसून दिसत होतं. बढतीचा कागद मॅडमच्या टेबलावर सहीला होता. हे त्यानेच ताईला सांगितलं होतं आणि ताईने मला.

मी तराफा सरळ केला. पंप बंद, झडपा बंद. पाणी निवलं. काटा शून्यावर, खरोखरच्या शून्यावर. मग केबिनीला कुलूप लावलं, दारावर लाल फडकं अडकवलं आणि साखळ्यांच्या ढिगामागून चालत धक्क्यावर आले. दाजीच्या काचेतून ना ती वाट दिसते, ना पाहुणे उभे होते तो कोपरा.

“पाणीवाली, बोला,” संच कमरेला बडबडायला लागला. “काटा शून्यावर आहे. बोला लवकर.”

मी जाऊन मॅडमच्या समोर उभी राहिले.

“तुम्ही इथे काय करताय? पाण्यावर कोण आहे?” त्यांनी विचारलं.

मी ओठांवर बोट ठेवलं. संच त्यांच्याही हातात होता.

“मेहुणीबाई! झोपलात का? वारा चढतोय!”

आजूबाजूचे रिगर माझ्याकडे बघायला लागले. एक पाहुणा दुसऱ्याला काहीतरी विचारत होता. मॅडमच्या कपाळावर आठ्या. मी दोन्ही हात मागे बांधले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. बोल, मी मनात म्हणत होते. बोल रे. तुझ्या लेकीची शपथ, बोल.

संच खरखरला.

मग माझा आवाज आला. स्वच्छ, ठसक्यात, आईने आतल्या खोलीतून ओळखावा असा.

“लेव्हल आहे. उचला.”

मॅडम माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एका रिगरच्या हातातला दोर सुटून खाली पडला. वर क्रेन जागची हलली नाही.

“बगळ्या, उचल की!” आता दाजीचा स्वतःचा आवाज. “लेव्हल मिळाली ना?”

मॅडमनी संच तोंडाशी नेला. “बघा, मुद्दा असा की पाणीवाली माझ्यासमोर उभी आहे. मग आत्ता बोललं कोण?”

खरखर. मग हसू. “मस्करी हो मॅडम! संच बिघडलाय तिचा, पाहुणे ताटकळले, म्हणून म्हटलं...”

मी मॅडमच्या हातातून संच घेतला. त्यांनी दिला.

“काटा बघून बोललात ना, दाजी?”

“हो मग! शून्यावर आहे, बघ की तूच!”

“त्या दिवशीही शून्यावर होता.”

मॅडमनी माझ्याकडे वळून बघितलं.

“आता दादाचा काढा,” मी म्हटलं.

“काय?”

“तुमच्या लेकीने मागितला होता. तिला दिला नाहीत. आम्हाला द्या.”

“मला नाही येत त्याचा.”

“काढ,” वरून बगळा बोलला. नाकातला आवाज, पण त्याची नक्कल करायची कोणाची हिंमत झाली नसती. “काढ रे. मला ऐकायचाय.”

रिगर आपणहून चालायला लागले होते. कोणी कोणाला सांगितलं नाही. ते जाऊन दाजीच्या केबिनीच्या जिन्याखाली उभे राहिले आणि वर बघत राहिले. काचेतून त्याला ते दिसत होते.

त्याने काढला. खाकरला आणि म्हणाला, लेव्हल. इतकी भिकार नक्कल त्याने जन्मात केली नव्हती. घसा चुकीचा, सूर चुकीचा, शाळेतल्या पोराने केल्यासारखी. मुद्दाम.

“तुमच्या लेकीलाही याहून बरा येतो,” मी म्हटलं. “ज्याला दातांचा डॉक्टर येतो, सासू येते, मेलेला बाप येतो, त्याला घरातला मेहुणा येत नाही?”

“लेव्हलच होतं!” तो किंचाळला. हा आवाज कोणाचाच नव्हता, त्याचासुद्धा नव्हता. “काटा शून्यावर होता, मी बघितलं होतं! तुझा भाऊ अर्धा दिवस घालवायचा एका शब्दासाठी! वारा थांबणार होता का त्याच्यासाठी? मी काय मुद्दाम मारलं का त्याला? लेव्हलच होतं!”

संचावरचं सगळं साठवलं जातं. हे त्याला माहीत होतं, पण तोंड सुटलं होतं.

त्याला खाली आणायला पहारेकरी गेले. जिन्याखाली रिगर. पैलवानासोबत डबा खाणारी पोरं, हात मोकळे सोडून उभी. त्यांनी वाट दिली नसती. मी मध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, जाऊ द्या. त्यांनी माझ्यासाठी जाऊ दिलं. माझ्याजवळून जाताना दाजीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, “कोणाच्या आवाजात बोलणार?” त्याने मिटलं.

दोन्ही रेकॉर्डिंग मी मॅडमकडून मागून घेतली, जुनं आणि नवं, आणि दादाच्या स्वयंपाकघरात टेबलावर फोन ठेवून वाजवली. नवं संपलं तसा तो पुढे सरकला. मग बोटाने खूण केली, जुनं परत लाव. लावलं. परत. परत.

“मी इतका खाकरतो?” तो म्हणाला.

“याहून जास्त,” वहिनी म्हणाली, आणि पदराने तोंड दाबून बाहेर गेली.

काय म्हणालो, असं त्याने विचारलं नाही. कळलं होतं त्याला.

ताईचा फोन आला. “घरात विचारायचं होतंस. चार भिंतींत. यार्डभर तमाशा कशाला?”

“घरात विचारलं असतं तर त्याने हसवलं असतं सगळ्यांना. तुलाही.”

“माझ्या पोरीचा बाप आहे तो.”

“पैलवानही कोणाचा तरी बाप होता, ताई.”

तिने फोन ठेवला. त्यानंतर केलेला नाही. भाची शाळेच्या फाटकात मला बघून रस्ता बदलते. नवीन चौकशी लागली आहे, खटला उभा राहतोय, दाजी जामिनावर कुठेतरी भाड्याच्या खोलीत राहतो. ताईचं मला वाईट वाटतं का? वाटतं. पुन्हा करेन का? उद्या सकाळी.

शेवटचा तुकडा वारा पडल्यावर चढला. लेव्हल मी म्हटलं, आणि ते म्हणताना मी बगळ्याला दिसावी म्हणून केबिनीच्या दारात येऊन म्हटलं. आता यार्डात तसाच नियम झालाय.

मग एका संध्याकाळी दादा म्हणाला, “पैलवानाच्या घरी जायचंय. तू चल. बोलणार मी.”

पैलवानाची बायको धोबीखान्याच्या वरच्या मजल्यावर राहते. जिन्यात इस्त्रीची वाफ. दारापाशी दादा सवयीने दोनदा खाकरला आणि कडी वाजवायच्या आतच आतून आवाज आला, “कळलं कोण ते. आले.”

दार उघडलं. दादा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“मी नव्हतो,” तो म्हणाला.

“माहितीये. बगळा येऊन सांगून गेला.” तिने दोन खुर्च्या ओढल्या, एकीवरचे वाळलेले कपडे उचलले. मग माझ्याकडे वळली. “तूच ना ती बहीण?”

“हो.”

“जिन्याखाली आमच्याकडची पोरं उभी होती म्हणे.”

“होती.”

“मग तू मध्ये का आलीस?”

दादाने माझ्याकडे बघितलं. त्यालाही हे माहीत नव्हतं.

“त्याचं तोंड शाबूत हवं होतं मला,” मी म्हटलं. “साक्षीला.”

“आणि साक्ष झाल्यावर?”

“मग मी मध्ये येणार नाही.”

तिने मान हलवली, उचललेल्या कपड्यांची घडी घातली आणि चहा ठेवायला आत गेली. दादा खाकरला. काहीतरी बोलणार होता, मला थांबवायचंच काहीतरी असणार. मी वाट बघितली. तो बोलला नाही. पण या वेळी तोंडावर हात नव्हता.